पहिलं व्यावसायिक काम घेण्याआधी: वायपरने काचा साफ करायची पद्धत, पायरीपायरीने

घरच्या खिडक्या स्प्रे आणि जुन्या वर्तमानपत्राने चकचकीत करणारा माणूस दुकानाच्या दर्शनी काचेपुढे उभा राहिला की थोड्याच वेळात दोन गोष्टी कळतात. कागद पुरत नाही आणि खांदे भरून येतात. तोवर पहिल्या काचेवर ऊन आलेलं असतं आणि मघाशी न दिसलेले सगळे फराटे उठून दिसायला लागतात. पैसे घेऊन काम करायचं तर बादली, वायपर आणि फडकं ही जुनी पद्धत हातात बसवावी लागते. लांब दांड्यातून शुद्ध केलेलं पाणी मारून काच तशीच वाळू द्यायची पद्धत आता बरीच चालते, पण खोलीच्या आतून ती वापरता येत नाही. शिवाय वायपर येणाऱ्याला ती नंतर लवकर जमते.

इथे मी पहिल्या छोट्या कामापुरतंच लिहितोय: तळमजल्यावरचं दुकान, छोटं ऑफिस, दवाखाना, असं काहीतरी.

१. मळ कोण काढतं हे समजून घ्या

वायपर मळ काढत नाही. मळ सुटतो तो ओल्या स्लीव्हने, म्हणजे दांड्यावर चढवलेल्या कापडी कव्हरने, घासताना. वायपर फक्त तो मळ धरून ठेवलेलं पाणी काचेवरून खाली उतरवतो. नव्या माणसाचं सगळं लक्ष वायपरच्या ऐटदार फिरवण्याकडे असतं, कारण दिसायला तेच छान दिसतं. घासणं मात्र उरकलं जातं. मग काचेच्या कडेला आणि कोपऱ्यांत मळ तसाच राहतो, वायपर तो ओढत आणतो आणि दोष रबराला दिला जातो. घासायला वायपर फिरवण्याच्या दुप्पट वेळ लागला तरी चालेल.

२. सामान: थोडं घ्या, पण नीट घ्या

- वायपर. हँडल आणि त्यात बसणारी धातूची पट्टी, म्हणजे चॅनल. सुरुवातीला ३५ सेंटिमीटरची पट्टी घ्या. मोठ्या काचांसाठी नंतर ४५ ची. त्याहून मोठी पट्टी घ्यायची घाई नको, मनगट तयार नसतं.
- रबराच्या सुट्या पट्ट्या. कामावर जाताना खिशात एक नवीन रबर हवंच.
- टी-दांडा आणि त्यावरची स्लीव्ह. हिनेच पाणी लावायचं आणि घासायचं. लांबी वायपरएवढीच असावी.
- आयताकृती बादली. गोल बादलीत स्लीव्ह आडवी बुडत नाही.
- फडकी. कडा पुसायला मायक्रोफायबर, खिडकीखालची पाटी आणि जमीन पुसायला वेगळी, जाड. दोन्ही कधीच एकमेकांत मिसळू नका. धुताना कपडे मऊ करायचं द्रावण घालू नका. ते फडक्यात बसतं आणि काचेवर तेलकट थर उठतो.
- स्क्रेपर, म्हणजे काचेवर चिकटलेलं खरवडून काढायचं पात्याचं हत्यार, आणि त्याची नवी पाती. याबद्दल पुढे सविस्तर, कारण नवख्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.
- चौकटीवरची धूळ आणि जळमटं काढायला मऊ ब्रश.
- भांडी घासायचं साधं द्रव साबण.

आज आपण वापरतो तो हलका, एकाच रबराचा वायपर अमेरिकेत स्थायिक झालेल्या एत्तोरे स्तेकोने या इटालियन काचसफाई कामगाराने १९३६ मध्ये बाजारात आणला. त्याआधीचे वायपर जड पोलादी असायचे आणि रबर बदलायचं तर ढीगभर स्क्रू सोडवावे लागायचे. तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. म्हणून 'क्रांतिकारी' म्हणून विकल्या जाणाऱ्या हँडलवर पैसे घालवण्याआधी तेच पैसे चांगल्या रबरावर घाला.

रबर बसवताना ते चॅनलच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलं पाहिजे. तसं नसेल तर धातू चौकटीला घासतो आणि कडेला पाण्याची रेघ राहते. रबराची धार हाताला टोकदार, चौकोनी लागली पाहिजे. ती गोल झाली की पट्टी उलटी करून दुसरी धार वापरा. तीही गेली की फेकून द्या.

३. पाणी आणि साबण

आठ-दहा लिटर पाण्याला साबणाची एक छोटी पिचकारी, साधारण दहा मिलिलिटर. फेस बघून ठरवू नका, रबराचं ऐका. वायपर ओढताना थडथड उडत असेल, किंचाळत असेल तर साबण कमी आहे. वायपर लोण्यासारखा घसरतोय पण वाळल्यावर काचेवर धुरकट पडदा दिसतोय, तर साबण जास्त आहे. पाणी करडं दिसायला लागलं की बदला. 'अजून एवढी एकच काच' म्हणत तेच पाणी चालवलं की शेवटच्या चार काचा पुन्हा कराव्या लागतात.

४. हात बसवा: आधी सरळ ओढ

सरावाला मोठी, मोकळी काच निवडा. ऊन थेट पडत नाही अशी.

स्लीव्ह बुडवून थोडी पिळा. आतल्या बाजूला काम असेल तर जास्त पिळा, नाहीतर पाणी भिंतीवरून उतरतं. आधी चारही कडा घासा, कोपऱ्यांत स्लीव्हचं टोक घाला, मग मधला भाग. संपूर्ण काच सारखी ओली दिसली पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी गोष्ट. वायपर थेट ओल्या कडेवर टेकवू नका. वायपरचं एक टोक किंवा बोटावर गुंडाळलेलं फडकं काचेच्या वरच्या कडेवरून फिरवून दोन-तीन सेंटिमीटरची कोरडी पट्टी तयार करा. रबर त्या कोरड्या पट्टीवर ठेवायचं आणि तिथून ओल्याकडे निघायचं. ओल्या कडेवर रबर ठेवलं तर चौकटीच्या खाचेतलं पाणी ते सोबत घेऊन निघतं आणि वरपासून खालपर्यंत एक थेंब धावत येतो.

पहिली ओढ डाव्या कडेने, वरून खाली. त्याआधी डावी कडही फडक्याने कोरडी करून घ्या. वायपर किंचित तिरका धरा, म्हणजे पाणी कोरड्या बाजूला न जाता ओल्या बाजूला ढकललं जाईल. खालच्या कडेच्या दहा सेंटिमीटर वर थांबा, वायपर उचला, रबर फडक्याने पुसा. पुढची ओढ आधीच्या कोरड्या भागावर चार-पाच सेंटिमीटर चढवून. असं करत उजव्या कडेपर्यंत या. मग खाली उरलेला पट्टा एका आडव्या ओढीत काढा. शेवटी फडक्याची एक घडी बोटावर घेऊन फक्त कडा पुसा.

फक्त कडा. मधे एखादी बारीक रेघ दिसली तर फडकं घेऊन धावू नका. ओलसर फडक्याने रेघ जात नाही, तिचा ढग होतो. तेवढा भाग पुन्हा ओला करा आणि पुन्हा ओढा. घाईत असताना हे जिवावर येतं, पण एकूण वेळ यातच कमी जातो.

हाताचा दाब सगळ्यांचाच सुरुवातीला जास्त असतो. रबर दाबाने नव्हे, धारेने पाणी काढतं. जोर लावला की रबर वाकून त्याची पाठ काचेला लागते आणि धार हवेत राहते.

५. मग फिरवायची पद्धत

अनुभवी लोक वायपर काचेवरून न उचलता नागमोडी फिरवत खाली येतात. सरळ ओढ डोळे मिटून जमायला लागली की हे शिका, आधी नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून वरच्या कडेने उजवीकडे जायचं. कड जवळ आली की मनगट वळवून वायपर उभा करायचा, मग खालच्या बाजूने परत डावीकडे. दोन नियम सुटू देऊ नका: रबर वळणावरही काचेला चिकटलेलं राहिलं पाहिजे आणि पाणी नेहमी वायपरच्या पुढे असलं पाहिजे. वळणावर अर्धचंद्रासारखी पाण्याची रेघ राहत असेल तर तुम्ही खांदा वळवताय, मनगट नाही.

हे शब्दांत वाचून येत नाही. एकच काच पुन्हा पुन्हा ओली करून करत राहा. काच स्वच्छ आहे की नाही याने फरक पडत नाही, आपण हात शिकवतोय.

६. रेघ कुठून आली ते ओळखा

प्रत्येक ओढीत रेघ रबराच्या त्याच जागी येतेय: रबराला खाच पडली आहे किंवा कण अडकला आहे. पुसून बघा, नाहीतर पट्टी उलटा.

रेघा दरवेळी वेगळ्या जागी: काच वाळली आहे किंवा नीट घासली गेली नाही.

दोन ओढींच्या मधे उभी पाण्याची रेघ: पुढची ओढ पुरेशी चढवली नाही, किंवा वायपर उलट्या बाजूला तिरका होता.

संपूर्ण काचेवर पुसट धुकं: साबण जास्त, फडकं मळकं, किंवा ऊन.

उन्हात तापलेल्या काचेवर पाणी वायपर येण्याआधीच वाळतं. उन्हाच्या मागे फिरायचं: सकाळी सावलीतली बाजू, दुपारनंतर दुसरी. ते शक्यच नसेल तर एका वेळी काचेचा छोटा भाग ओला करा.

७. काम बघायला जा, आणि काच वाचायला शिका

फोनवर 'किती काचा आहेत?' विचारून दर सांगू नका. जाऊन बघा. जाताना टॉर्च, टेप, वही आणि फोनचा कॅमेरा न्या. काचा मोजा, आतून-बाहेरून दोन्ही करायच्या का विचारा, उंची मोजा, समोर फर्निचर किंवा मांडलेला माल आहे का ते लिहा, पाणी कुठून घ्यायचं आणि कुठे ओतायचं ते विचारा.

मग काच तिरकी, टॉर्चच्या उजेडात बघा. हे शोधायचं:

आधीचे ओरखडे. प्रत्येकाचा फोटो काढा आणि मालकाला जागेवरच दाखवा. काच साफ झाल्यावर ओरखडे जास्त दिसतात आणि तेव्हा ते तुमच्या नावावर जमा होतात.

पांढरट डाग. बोट ओलं करून डागावर फिरवा. ओलं असताना डाग दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर ते पाण्यातले क्षार आहेत किंवा काचेचा पृष्ठभागच झिजला आहे. साबणाने ते जाणार नाहीत. ताजे क्षार सौम्य आम्लाने, व्हिनेगरसारख्या, सुटू शकतात. जुने कदाचित कधीच नाही. काँक्रीटवरून ओघळलेलं पाणी अल्कधर्मी असतं आणि वर्षानुवर्षं पडत राहिलं की काच कायमची खराब करतं. इथे 'करून देतो' म्हणू नका. एका कोपऱ्यात करून बघा, मग बोला, आणि त्याचे पैसे वेगळे. डाग काढायची काही औषधं हायड्रोफ्लोरिक आम्लाची असतात. ती त्वचेतून आत जाऊन जिवावर बेततात, नवख्याने हात लावू नये. संगमरवर किंवा चुनखडीच्या दगडावर साधं आम्लही पडू देऊ नका. आणि ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

दुहेरी काचेच्या आतलं धुकं. दोन काचांच्या मधे दव किंवा धुरकटपणा असेल तर सील गेलं आहे. बाहेरून कितीही पुसा, ते जाणार नाही. हे आधी सांगितलं तर तुम्ही जाणकार ठरता, नंतर सांगितलं तर सबबी सांगणारे.

फिल्म किंवा लेप. उन्हासाठी लावलेली फिल्म बहुतेक वेळा आतल्या बाजूला असते. कडेला नखाने तिचा काठ जाणवतो. फिल्मवर स्क्रेपर नाही, अमोनियावालं क्लीनर नाही. नवीनच लावली असेल तर ती पूर्ण चिकटेपर्यंत हात लावू नका; साधारण महिनाभर थांबायला सांगतात. आरशासारख्या काचेवर लेप बाहेरच्या बाजूलाही असू शकतो. शंका असेल तर फक्त स्लीव्ह आणि वायपर.

काचेवर चिकटवलेली अक्षरं, अलार्मचे सेन्सर, सैल बिजागऱ्या. अक्षरांच्या कडेवर रबर आडवं न नेता कडेच्या दिशेनेच ओढा.

८. स्क्रेपर हातात घेण्याआधी

रंगाचे थेंब, चिकटपट्टीचा गोंद, सिमेंटचे शिंतोडे दिसले की स्क्रेपर काढावासा वाटतो. थांबा. काचेच्या कोपऱ्यात शिक्का बघा. बऱ्याच टफन्ड काचांवर तो असतो. ही काच भट्टीत तापवून झटकन थंड केलेली असते आणि कारखान्यात नीट स्वच्छता राहिली नसेल तर काचेची बारीक पूड भट्टीतच तिच्या पृष्ठभागाला भाजून चिकटते. डोळ्यांना दिसत नाही. स्क्रेपर फिरवला की पातं हे कण उखडतं आणि काचेवर ओढत नेतं. परिणाम: उन्हात चमकणारे शेकडो बारीक ओरखडे, भरून न येणारे.

ओल्या काचेवर बोटांची टोकं हलकेच फिरवा. रेती असल्यासारखी खरखर लागली, किंवा कोपऱ्यात पातं टेकवल्यावर बारीक कर्रर्र आवाज आला, तर लगेच थांबा आणि मालकाला बोलवा. काय होऊ शकतं ते त्यांना सांगा आणि त्यांची लेखी संमती नसेल तर पुढे जाऊ नका. नव्या बांधकामाच्या काचा म्हणूनच पहिलं काम म्हणून घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे चांगले दिसतात, पण एक काच बदलून द्यावी लागली तर वर्षाची कमाई जाईल.

बाकी ठिकाणी वापरायचा तर काच भरपूर ओली हवी, पातं नवं हवं, गंजाचा ठिपकाही नको. फक्त पुढे ढकला, मग उचला. मागे ओढताना पात्याखाली कण अडकतो.

९. दर आणि कागदपत्रं

दर काढायला आधी स्वतःचा वेग माहीत हवा. मध्यम आकाराची काच दोन्ही बाजूंनी, चौकटीसकट, किती वेळात होते ते घड्याळ लावून बघा. त्याला काचांच्या संख्येने गुणा, सामान लावणं-आवरणं, जाणं-येणं, शिडी हलवणं हे धरा. पहिल्या सफाईचा दर आणि नंतरच्या नियमित फेरीचा दर वेगळे सांगा. पहिल्या वेळी साचलेला मळ काढायचा असतो. 'ओळखीतलं काम' म्हणून पहिल्याच वेळी अर्धा दर लावलात तर तो कायमचा दर होतो.

हातात हे कागद हवेत:

- कोटेशन: किती काचा, कोणत्या बाजू, चौकटी आणि खिडकीखालच्या पाट्या धरून की वगळून, किती दिवसांनी पुन्हा.
- काय येत नाही त्याची नोंद: क्षारांचे डाग, रंग, सील गेलेल्या काचा.
- आधीच्या नुकसानीचे तारखेसह फोटो.
- स्क्रेपरबद्दलची लेखी संमती, गरज असेल तर.
- दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान किंवा कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा. मोठी ऑफिसं हा कागद आधी मागतात.
- धोक्यांची आणि त्यावरच्या काळजीची एक पानी यादी, आणि वापरत असलेल्या रसायनांची सुरक्षा माहितीपत्रकं.

१०. उंचीबद्दल

पहिलं काम जमिनीवर उभं राहून होणारं घ्या. थोडी उंच काच असेल तर वाढवता येणारा दांडा वापरा. स्लीव्ह आणि वायपर दोन्ही त्यावर बसतात. दांड्यावरून कडा पुसता येत नाहीत, म्हणून वरची कड कोरडी करून सुरू करण्याला इथे आणखी महत्त्व आहे. धातूचा दांडा वर करण्याआधी विजेच्या तारा बघा.

शिडी लागलीच तर चार भाग उंचीला पाया भिंतीपासून एक भाग लांब, म्हणजे साधारण ७५ अंश. काचेवर शिडी कधीच टेकवायची नाही. हात ताणून कोपरा गाठण्यापेक्षा खाली उतरून शिडी सरकवा. दोरावरचं किंवा झुल्यावरचं काम प्रशिक्षणाशिवाय घेऊ नका, कुणी कितीही गळ घातली तरी.

११. कामाच्या दिवशी

दुकान उघडायच्या आधी पोहोचा. किल्ली कुणाकडे, अलार्म कोण बंद करणार हे आदल्या दिवशीच पक्कं करा. जमिनीवर फडकं अंथरा, ओल्या फरशीची पाटी दारात ठेवा, काचेजवळच्या विजेच्या वस्तू हलवायला मालकाला सांगा; स्वतः हात लावू नका.

चौकटी आधी, काच नंतर. धूळ कोरड्या ब्रशने काढा, मग ओल्या फडक्याने. जुन्या अॅल्युमिनियमच्या चौकटींवर पांढरी भुकटी धरलेली असेल तर ती ओली होऊन काचेवर ओघळते, म्हणून ती आधीच पुसून घ्या. मग वरच्या काचा, मग खालच्या. दाराची काच सगळ्यात शेवटी, कारण तिला लोक सतत हात लावतात आणि मालक पहिल्यांदा तीच बघतो.

निघण्याआधी बाहेर जाऊन चार पावलं मागे सरका आणि प्रत्येक काच दोन बाजूंनी तिरकी बघा. नंतर मालकाला सोबत घेऊन एक चक्कर मारा. काही राहिलं असेल तर तेव्हाच सांगतील, आणि ते पाच मिनिटांत होईल. कागदावर सही घ्या.

१२. घरी आल्यावर

स्लीव्ह आणि फडकी त्याच दिवशी धुवा, ओली ठेवली की वास येतो. रबर चॅनलमधून काढून पुसा, दोन्ही धारांवरून बोट फिरवा, गेलेली धार वहीत नोंदवा म्हणजे पुढच्या फेरीआधी नवीन पट्टी घातली जाईल. त्याच पानावर प्रत्यक्ष लागलेला वेळ आणि तुम्ही दर काढताना धरलेला वेळ शेजारी लिहा. दुसऱ्या कामाचं कोटेशन त्यावरूनच काढा.